अष्टमीचं पाणी

कमळाकर तांडेल मुलाला परत आणायला निघाला, तेव्हा सारसोळ्याच्या जेट्टीशी त्याची होडी बावीस दिवस चिखलात बसून होती. होडीला काही झालं नव्हतं. माणूस नव्हता. खाडीत जाळं टाकायचं तर एकाने वल्हं धरायचं आणि दुसऱ्याने जाळं सोडायचं. एकट्याचं ते काम नाही. इतकी वर्षं दुसरा माणूस म्हणजे कमळाकरचा साडू होता. माघात त्याला सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, आणि खुर्चीत बसून महिना भरतो म्हटल्यावर त्याला खाडीचा चिखल एकाएकी अंगाला खाजायला लागला.

राहता राहिला कुंदन. पण पोरगा दसऱ्यापासून कोलाडच्या पुढे, धरणाखालच्या नदीवर कामाला होता. रबरी होडीत शहरातली माणसं बसवायची आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावरून, दगडाधोंड्यांतून त्यांना खाली न्यायचं. माणसं त्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या करून येत. हे कमळाकरला कधीच पटलं नव्हतं. पोराला पाण्यातच राहायचं आहे, तर घरचं पाणी काय वाईट?

"आज त्याला घेऊनच येनार," निघताना तो बायकोला म्हणाला. "होलीच्या आधी होडी पान्यात गेली पायजे."

"घेऊन ये. मी कुठं नको बोलते?" भागीरथी चपलेत पाय सरकवत म्हणाली. "पन आधी तो काय करतो ते बग तरी."

"बगायचं काय त्यात? फुगा तो. फुग्यात बसून वाहत जायला अक्कल लागत नाय."

 भागीरथीने पिशवीत सुक्या बोंबलांची चटणी आणि चार भाकऱ्या घेतल्या होत्या. नवऱ्याशी वाद घालायचा तर भरल्या पोटी घालावा, असं तिचं साधं मत होतं.

पनवेलहून पहाटेची एसटी, कोलाडला उतरून पुढे टमटम, असं करत दोघं साडेआठला नदीवर पोचली. झाडाखाली दोन तंबू, एक पत्र्याची शेड आणि काठाशी पिवळ्या रबरी होड्या ओळीने लावलेल्या. समोर नदी दुथडी भरून चालली होती. पाणी हिरवं, स्वच्छ आणि थंडगार. कमळाकरने ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि थुंकलं. पाण्याला चवच नव्हती.

कुंदन धावत आला. अंगात लाल जाकीट, डोक्याला हेल्मेट, उन्हाने नाक सोललेलं. पोरगा वाळला होता, पण दंड भरले होते. त्याने आईला मिठी मारली आणि बापासमोर नुसता उभा राहिला.

"काय रे, हेल्मेट कशाला? आभाल पडतं का हितं?" कमळाकरने विचारलं.

"दगड हायेत बाबा, पान्यात."

"मंग दगडात कशाला जायचं?"

मागून हौसेराव हसला. तो कॅम्पचा मालक, मूळचा साताऱ्याकडचा, पोट सुटलेला आणि आवाजाने मोठा. "या तांडेल," तो म्हणाला. "लई नाव ऐकलंय तुमचं. पोरगं सारखं सांगतंय, आमचा बाप नुसतं पाणी बघून मासा सांगतो म्हणून. बसा एका बोटीत. पर आधी जाकीट घाला."

"मना जाकीट?" कमळाकर म्हणाला. "मी चालायच्या आधी पोहलेलो हाय."

"न्हाई ओ, नियम हाय. जाकीट न्हाई तर बोट न्हाई."

शेजारी पुण्याची कॉलेजची सात-आठ मुलं जाकिटांचे पट्टे आवळत उभी होती. त्यातली एक मुलगी मदतीला पुढे आली. "काका, घाबरू नका, मला पण पोहता येत नाही," असं म्हणून तिने कमळाकरच्या गळ्यात जाकीट घातलंसुद्धा. तिने ते चांगल्या मनाने केलं होतं. पण कमळाकरने ते डोक्यावरून ओढून काढलं, जमिनीवर टाकलं आणि झाडाखाली जाऊन बसला. भागीरथीला खरं तर बोटीत बसायचं होतं. तिने जाकिटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

निघण्याआधी कुंदन दोघांजवळ उकिडवा बसला. "आये, बाबा, एक ध्यानात ठेवा. हितं पानी चंद्रावर नाय चालत. वर पावरहाऊस हाय. त्यांनी मशीन चालू केली की पानी, बंद केली की नुसते दगड. भोंगा वाजला की नदीतून वर यायचं. बस, एवढंच."

"पानी ते पानी," कमळाकर म्हणाला. "तू मना शिकवू नको."

होड्या निघाल्या. कुंदन मागच्या टोकाला बसला होता आणि ओरडत होता, "फॉरवर्ड! फॉरवर्ड! स्टॉप!" पहिल्याच खळाळात होडी नाक वर करून उभी राहिली, मुलं किंचाळली, आणि कुंदनने वल्हं नुसतं पाण्यात घालून दाबलं तशी ती वळून सरळ झाली. कमळाकरने ते पाहिलं. वल्हं कुठे घातलं, किती वेळ धरलं, सगळं पाहिलं. चांगलं होतं.  त्याने बिडी पेटवली.

अकराला पाणी उतरायला लागलं. आधी काठाची ओली रेघ दिसली, मग दगडांची टोकं, मग अख्खे दगड. बारापर्यंत नदीचं पात्र उघडं पडलं. मधोमध एक धार तेवढी राहिली, बाकी सगळीकडे डबकी आणि वाळू. कमळाकर उठून उभा राहिला. त्याने बोटांवर हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आज तिथी कंची?"

"अष्टमी," भागीरथी म्हणाली.

"आठ तिरकं चोवीस. त्याला चारानी भाग. सहा. म्हंजे सहाला भरती आनि बाराला सुकती. किती वाजले?"

शेडमधल्या चांगुणाबाईने मोबाईल पाहिला. ती कॅम्पवर भाकऱ्या थापायला येई, पलीकडच्याच वाडीवरची. "बारा वाजून पाच मिन्टं," ती म्हणाली.

"बग!" कमळाकरने मांडीवर थाप मारली. "म्हनं चंद्रावर नाय चालत. माझ्या बापाने शिकवलेला हिशेब हाय. मशीन-बिशीन काय नाय, ह्या पोरांना तिथी म्हाईत नाय म्हनून मशीन बोलतात."

त्या माणसाला सकाळपासून कुणी काही विचारलं नव्हतं, उलट सगळ्यांनी शिकवलंच होतं. आता त्याचा हिशेब मिनिटाला बरोबर आला होता. त्याला केवढा आनंद झाला असेल, ते ज्याने आयुष्यभर एकच विद्या केली त्यालाच कळेल.

डबक्यांच्या कडेला वाळूत शिंपल्या होत्या. भागीरथीने त्या काठावरूनच ओळखल्या. सुकतीला चिखलात उतरून शिवल्या वेचणं तिने सातव्या वर्षापासून केलं होतं. गेली दोन वर्षं मात्र खाडीत पाय घातला की प्लास्टिकच हाताला येई. तिने पदर खोचला, भाकरीची पिशवी रिकामी केली आणि उतरली.

"भोंगा झाला तर लगेच वर या गं बाय," चांगुणाबाईने हाक दिली.

"सहा वाजेपर्यंत काय येत नाय पानी," कमळाकरने परस्पर उत्तर दिलं आणि तोही मागोमाग उतरला.

दोघं वेचत वेचत आत गेली. पायाखाली चिखल नाही, स्वच्छ वाळू. भागीरथी खुशीत होती. शिंपल्या मोठ्या होत्या, बोटाने उकरलं की हाताला लागत होत्या. मधल्या धारेजवळ बाजेएवढा सपाट खडक होता. तिथे ती पाय सोडून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"कुंदनला जेवायला घालते ह्याचं कालवन," ती म्हणाली. "मंग बोल त्याच्याशी. भांडू नको."

"मी भांडत नाय. मी सांगनार, होडी हाय, घर हाय, चल."

"आनि नाय बोलला तर?"

कमळाकरने वाळूतली एक शिंपली उचलून पिशवीत टाकली. नाही म्हटलं तर काय करायचं, हे त्यालाच माहीत नव्हतं. होडी विकायची, एवढंच एक उरलं होतं आणि ते त्याला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या बाजूला भोंगा झाला. लांबलचक, मग थांबून पुन्हा, मग पुन्हा.

"भोंगा वाजला," भागीरथी म्हणाली.

"कंपनीचा असंल. दीड वाजला, पाली सुटली." कमळाकरच्या लहानपणापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले भोंगे त्याच्या कानावर होते. भोंगा म्हणजे कुणाची तरी जेवणाची सुट्टी. "आनि पानी येत असतं तर दिसलं नसतं का? बग, कुठं हाय पानी?"

तो उभा राहून पाहू लागला. नीट, डोळ्यांवर हात धरून, खालच्या अंगाला. पन्नास वर्षं भरती त्याने तिकडूनच येताना पाहिली होती. पाणी समुद्राकडून येतं, खालून वर चढतं. खाली दूरवर दगड कोरडे होते आणि एक बगळा शांत उभा होता.

पाणी त्याच्या पाठीमागून आलं.

ना फेस, ना लाट. मधल्या धारेचा आवाज बदलला, तेव्हा भागीरथीने मान वळवली. दगडांच्या फटीफटीतून पाणी येत होतं आणि डबकी एकमेकांना मिळत होती. ज्या वाळूवरून ती चालत आली होती ती वाळू दिसेनाशी झाली. "अरं, मागं बग!" ती ओरडली. कमळाकर वळला. काठ पंचवीस पावलांवर होता आणि मध्ये कमरेएवढं पाणी धावत होतं.

भागीरथीला पोहता येत नव्हतं. कोळणीला पोहता येतं असं सगळ्यांना वाटतं, पण तिचा जन्म बाजारात मासळीच्या पाटीमागे गेला होता. "चल, माझ्या पाठीवर बस," कमळाकर म्हणाला. त्याने सदरा काढला, तिचा हात आपल्या गळ्याभोवती घेतला आणि एक पाय पाण्यात घातला. पाण्याने तो पाय असा ओढला की तो गुडघ्यावरच आला. खाडीचं पाणी माणसाला उचलतं. हे पाणी खाली खेचत होतं.

"उतरू नको!"

काठावर कुंदन होता. मुलांना खाली सोडून तो गाडीने नुकताच परतला होता; चांगुणाबाईने ताट वाजवत धावत जाऊन त्याला जेवणावरून उठवलं होतं. त्याचा आवाज पक्का होता. "बाबा, पाय वर घे! खाली बस! दोघं बसा!"

"मी पोहून आनतो तिला!"

"नाय! दगडात पाय अडकतो! बस बोलतो ना!"

असं कमळाकरशी कुणी बोललं नव्हतं. होडीवर हुकूम त्याचा असे. साडूने वीस वर्षं तो ऐकला, कुंदननेही शाळेत असल्यापासून ऐकला. पाणी आता खडकाच्या कडेवर आलं होतं. कमळाकरने बायकोकडे पाहिलं. ती शिंपल्यांची पिशवी छातीशी घट्ट धरून होती. त्याने पाय वर घेतला आणि खाली बसला.

कुंदनने दोरीचं एक टोक हातात ठेवून दोरी भरलेली थैली फेकली. पहिल्यांदा ती आखूड पडली. त्याने ती भराभर ओढून घेतली आणि पुन्हा फेकली. ती कमळाकरच्या खांद्यावर आली. कमळाकरने क्षणात ती भागीरथीच्या कमरेभोवती घेतली आणि गाठ मारायला लागला. तसली गाठ वादळातही सुटत नाही.

"बांधू नको!" कुंदन बेंबीच्या देठापासून ओरडला. "बाबा, सोड गाठ! दोरी अडकली तर पानी तिला खाली दाबंल! नुसती हातात धरा!"

आयुष्यभर दोरी म्हटली की गाठ, हेच त्याला ठाऊक होतं. त्याची बोटं थांबली. मग त्याने मारलेली अर्धी गाठ सोडली आणि दोरी दोघांच्या हातात घेतली.

"आता हलू नका. मी येतो."

दोरीचं दुसरं टोक चांगुणाबाईने झाडाला गुंडाळून धरलं. कुंदन आणि हौसेराव एक होडी उचलून शंभर पावलं वर धावले. हौसेरावाचं पोट हलत होतं, पण तो थांबला नाही. त्यांनी होडी पाण्यात लोटली आणि कुंदनने तिचं नाक वरच्या अंगाला, प्रवाहाच्या तोंडावर धरलं. कमळाकरला कळेना, हा पोरगा उलटा का वल्हवतोय. मग दिसलं, की होडी तिरकी सरकत सरकत खडकाकडेच येतेय, घाई न करता. खडकाच्या खालच्या बाजूला पाणी उलटं फिरत होतं. होडी त्या भोवऱ्यात शिरली आणि कधीपासून तिथेच असल्यासारखी उभी राहिली. अशी होडी लावायला अक्कल लागते, हे कमळाकरला त्या घटकेलासुद्धा कळलं.

"आये, दोरी सोड. हात दे. पिशवी टाक."

"नाय टाकत," भागीरथी म्हणाली आणि पिशवीसकट होडीत पडली.

कमळाकर उठला तोच खडकावरून पाणी गेलं. त्याचा पाय घसरला. तो छातीपर्यंत आत गेला, पाण्याने त्याला खडकाखाली ओढलं, आणि त्याच क्षणी कुंदनने हात घालून त्याच्या हाफपँटीचा कमरपट्टा पकडला. बापाला धरायला दुसरं काही नव्हतंच. हौसेरावाने कुंदनचे पाय धरले. दोघांनी मिळून कमळाकर तांडेलला उताणा होडीत ओढला, अर्धी पँट मांडीवर आलेली, तोंडात पाणी.

"बाबा, उठ. वल्हं घे. डावीकडं बस," कुंदन म्हणाला. "पुढं खळाळ हाय. मी बोललो की मार, थांब बोललो की थांब."

कमळाकरने पँट वर ओढली आणि वल्हं घेतलं.

"मार!"

त्याने मारलं.

"मार! मार! थांब!"

तो थांबला. होडीचं नाक वर गेलं, अंगावर पाण्याची भिंत आली, भागीरथी देवाचं नाव घेऊन ओरडली आणि होडी खाली आली. पुढे नदी वळणावर शांत झाली होती. होडी काठाला लागली. भागीरथीने वाळूवर बसून ओकारी काढली, तोंड धुतलं आणि पिशवीत हात घालून पाहिलं. "सगल्या हायेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. मग हौसेराव हसला. कुंदनला हसता येईना. तो आईच्या पायांशी बसून होता, आणि त्याला हेल्मेटचा पट्टा सुटत नव्हता.

कमळाकरने तो सोडवला.

"माझा चुकला," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, हौसेरावाला आणि धावत आलेल्या चांगुणाबाईलाही ऐकू जाईल असं. "भोंगा ऐकला होता मी. हिने सांगितलं होतं. मी खाली बगत बसलो. पानी वरून येतं हे मना सुचलाच नाय."

"तांडेल, नवा माणूस फसतोच," हौसेराव म्हणाला. "म्हणून तर भोंगा हाय."

"नवा नाय ओ मी. म्हनून तर फसलो."

शिंपल्यांचं कालवण झालं. चांगुणाबाईने त्यात आंबट घातलं, भागीरथीला ते पटलं नाही, तरी सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. कमळाकर इतका जेवला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्याच्या अंगातून भीती अजून गेली नव्हती, पण तिच्याखाली काहीतरी सैल झालं होतं. बायको समोर बसून बोटं चाटत होती. त्याला आणखी काही नको होतं.

जेवण झाल्यावर कुंदनच विषय काढून बसला. "बाबा, होडीसाठी आलास ना? मी येतो. तुमाला दोघांना तिकडं टाकून माझं मन लागनार नाय आता."

भागीरथीने नवऱ्याकडे पाहिलं. ज्यासाठी एवढी यातायात केली, ते आयतं समोर आलं होतं.

"नाय," कमळाकर म्हणाला. "तू हितंच ऱ्हा."

"आनि होडी?"

"होडीचं मी बगतो. हितं तुला पानी समजतं. माझ्या डोल्यांनी बगितलं. तिकडं येऊन तू माझाच हुकूम ऐकनार, आनि मी किती शाना हाय ते आज बगितलंसच."

कुंदनने मान खाली घातली. बापाने त्याच्या सोललेल्या नाकाला बोट लावलं आणि म्हणाला, "ह्याला खोबरेल लाव."

परत येताना एसटीत भागीरथी खिडकीशी बसली होती. पेण मागे पडलं. मग तिने विचारलं, "होडीचं काय बगनार तू?"

"बगीन कोन तरी."

"मी येते."

"कुठं?"

"होडीवर. जालं सोडायला. बाजारात तरी आता काय राहिलंय? खाडीची मासली दाखवली की बाया नाक मुरडतात."

आमच्याकडे बाया होडीवर येत नाहीत, असं कमळाकरच्या तोंडावर आलं होतं. ते त्याने गिळलं. "पोहायला शिकायला लागंल," तो म्हणाला.

"शिकव."

पाच दिवसांनी, त्रयोदशीच्या सकाळी, ओहोटी लागताच सारसोळ्याच्या जेट्टीवरून होडी निघाली. जेट्टीवरची चार माणसं बघायला उभी होती आणि त्यातल्या दोघांनी दात काढले. भागीरथीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने पदर खोचून जाळं हातात घेतलं होतं. कमळाकर मागे बसून वल्हवत होता. पामबीच रस्त्यावरच्या इमारती मागे पडल्या, पाणी मोकळं झालं.

"थांब," भागीरथी म्हणाली.

कमळाकरने वल्हं तिथल्या तिथे उचललं. होडी थांबली. त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं. पाण्यात काहीच नव्हतं. ना खुंट, ना दगड.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "बगितलं, थांबतोस का."